पिल्लाला जंताचं औषध दिलंत का?

आईबाबांनो, मूल आजारी पडलं की आपण डॉक्टरांकडे जातो. ताप किती दिवस आहे, जेवण जातंय का, शाळेत कुणाला असाच त्रास आहे का, हे सगळं ते विचारतात. घरात जनावर आहे का, हे मात्र क्वचितच विचारलं जातं. आणि त्यांनी विचारलं नाही म्हणून आपणही सांगत नाही. आज मला याच राहून जाणाऱ्या गोष्टीबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे.

ज्यांच्या दारात गोठा आहे, ज्यांचं बिऱ्हाड मेंढरांमागे फिरतं, ज्यांचं मटणाचं दुकान आहे, जे पशुवैद्यकीय दवाखान्यात काम करून संध्याकाळी घरी येतात, आणि ज्यांनी लेकराच्या हट्टापायी शहरातल्या दोन खोल्यांत कुत्र्याचं पिल्लू आणलंय, त्या सगळ्यांसाठी हे बोलणं आहे. मुलांना जनावरांपासून तोडा, असं मी सांगणार नाही. वासराला दूध पाजताना, करडाला पाला घालताना मुलांना जे मिळतं ते दुसरीकडे मिळत नाही, असं मी मनापासून मानते. पण जनावरांच्या पोटातले काही जंत आणि काही अतिसूक्ष्म परजीवी माणसाच्या अंगात शिरू शकतात, आणि सगळ्यात सहज शिरतात ते लहान मुलांच्या. त्यांची वाट बहुतेक वेळा ठरलेली असते. विष्ठेतून माती, मातीतून हात, हातातून तोंड. ही वाट कुठे तोडायची ते कळलं की भीती पुष्कळ कमी होते.

सुरुवात पिल्लापासूनच करते, कारण तिथे आपली सगळ्यात जास्त चूक होते. पिल्लू लहान आहे, अजून बाहेर गेलेलं नाही, म्हणजे स्वच्छ आहे, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात कुत्र्यांमधला टॉक्सोकारा नावाचा गोल जंत पिल्लाला आईच्या पोटातच लागतो. कुत्रीच्या शरीरात दडून बसलेल्या अळ्या गाभणपणात जाग्या होतात आणि गर्भात जातात, दुधातूनही जातात. त्यामुळे पिल्लू तीन-चार आठवड्यांचं होतं तेव्हाच त्याच्या शीमधून जंताची अंडी पडायला लागलेली असतात, तीही हजारोंनी. मुलाने कुशीत घेऊन फिरवायचं नेमकं तेच वय. पोट फुगलेलं, केस राठ झालेले, अशी पिल्लं आपण गुबगुबीत म्हणून कौतुकाने उचलतो. बऱ्याचदा ते पोट जंतांनी फुगलेलं असतं.

यात एक दिलासा देणारी गोष्ट आहे आणि ती फार कमी लोकांना ठाऊक असते. ताज्या विष्ठेतलं टॉक्सोकाराचं अंडं लगेच बाधत नाही. त्याच्या आत अळी तयार व्हायला ऊब आणि ओल मिळाली तरी साधारण दोन ते चार आठवडे लागतात. म्हणजे कुत्र्याची घाण त्याच दिवशी उचलून खड्ड्यात पुरली किंवा नीट बांधून टाकली, तर अंगणात धोका तयारच होत नाही. घाण तशीच राहिली, पावसाने पसरली, वाळून मातीत मिसळली, की मग डोळ्यांना काहीच दिसत नाही आणि अंडी मात्र मातीत महिनोन्‌महिने, कधी काही वर्षंही टिकून राहतात. त्यांच्यावरचं कवच फार चिवट असतं. अंगण दिसायला स्वच्छ असण्याला म्हणूनच फारसा अर्थ नाही. तिथे रोज काय उचललं जातं, याला अर्थ आहे.

ती अंडी मुलाच्या पोटात गेली की अळ्या बाहेर पडतात, आतड्याच्या भिंतीतून रक्तात उतरतात आणि भटकायला लागतात. यकृतात जातात, फुप्फुसात जातात. माणूस हे त्यांचं खरं घर नसल्यामुळे त्या वाढून जंत होत नाहीत, नुसत्या फिरत राहतात. बऱ्याच मुलांना काहीही होत नाही. काहींना रेंगाळणारा खोकला, दम्यासारखी घरघर, बारीक ताप, पोटदुखी असं काही होतं. क्वचित एखादी अळी डोळ्यात शिरते. हे सहसा एकाच डोळ्याला होतं आणि दुसऱ्या डोळ्याने दिसत असल्यामुळे मूल तक्रार करत नाही. डोळा तिरळा दिसायला लागतो, किंवा बाहुलीत पांढरट झाक दिसते. १९५० साली अमेरिकेत हेलेनॉर वाइल्डर या संशोधिकेने लहान मुलांचे शस्त्रक्रियेने काढलेले ४६ डोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यातले पुष्कळसे डोळे कर्करोगाच्या संशयावरून काढले गेले होते. २४ डोळ्यांत तिला जंताची अळी किंवा तिच्या खुणा सापडल्या. पुढच्या काही वर्षांत त्या अळ्या कुत्र्याच्या या जंताच्या असल्याचं स्पष्ट झालं. आजचे डोळ्यांचे डॉक्टर हे ओळखतात. पण मुलाच्या बाहुलीत पांढरी झाक दिसली तर एक दिवसही थांबू नका, कारण तिचं कारण दुसरंही असू शकतं आणि ते याहून गंभीर असू शकतं.

माती खाणारं मूल घरात असेल तर विशेष जपा. माती, खडू, भिंतीचे पोपडे खाण्याची सवय आपण ओरडून, चापट मारून मोडायला जातो. अशा पुष्कळ मुलांच्या अंगात लोह कमी असतं. हिमोग्लोबिन तपासून घ्या, डॉक्टर सांगतील तसं लोहाचं औषध द्या. मार खाल्ल्याने मूल माती लपून खातं, एवढंच होतं. आणि शहरातल्या आईबाबांनो, बांधकामासाठी इमारतीबाहेर टाकलेला वाळूचा ढीग बघा. दिवसा मुलं त्यात किल्ले करतात, रात्री गल्लीतली कुत्री-मांजरं तीच वाळू उकरतात. संध्याकाळी त्यावर ताडपत्री घालून कडेला विटा ठेवायला वॉचमनला सांगितलं तर काम होतं.

आता डॉक्टरांसमोर काय सांगायचं ते बोलू. मुलाचा खोकला हटत नाही म्हणून रक्त तपासलं, आणि इओसिनोफिल नावाच्या पेशी वाढलेल्या आल्या, असं पुष्कळ घरांत होतं. त्याचं कारण ॲलर्जी असू शकतं, दमा असू शकतो, जंतही असू शकतात. घरी दोन महिन्यांपूर्वी पिल्लू आणलंय, मूल माती खातं, आम्ही मेंढरं पाळतो, हे वाक्य तुम्ही तिथे बोललात तर डॉक्टरांच्या विचाराची दिशा बदलते. ते वाक्य आपणच बोलायचं असतं. दुसरं म्हणजे, शौच तपासली आणि काही निघालं नाही, यावर निर्धास्त होऊ नका. आताच सांगितलं, या अळ्या माणसाच्या आतड्यात जंत बनून राहत नाहीत, मग त्यांची अंडी शौचात कुठून सापडणार? त्यासाठी रक्ताची वेगळी तपासणी लागते.

आणि शाळेतली गोळी? आपल्याकडे २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये अंगणवाडीत आणि शाळेत १ ते १९ वर्षांच्या मुलामुलींना अल्बेंडाझोलची गोळी मिळते, दोन वर्षांच्या आतल्या बाळांना अर्धी. ती गोळी मुलांना जरूर घेऊ द्या, त्या दिवशी शाळा बुडवू नका. माणसाकडून मातीत आणि मातीतून पुन्हा माणसात येणाऱ्या जंतांसाठी ती आहे आणि त्यांच्यावर ती उत्तम काम करते. भटकणाऱ्या अळ्यांसाठी मात्र एक गोळी पुरत नाही. ते औषध डॉक्टर वेगळ्या मात्रेत, जास्त दिवस देतात. शेळ्यांसाठी आणलेल्या बाटलीतलं औषध झाकणाने मोजून मुलांना पाजण्याचा प्रकार काही घरांत चालतो. नाव तेच असलं तरी त्याची तीव्रता वेगळी असते, ते माणसांसाठी बनवलेलं नसतं. कृपा करून असं करू नका.

इथे मला जे कळकळीने सांगायचं आहे ते सांगते. जनावराला वेळेवर दिलेलं जंताचं औषध हे तुमच्या मुलाचंही औषध आहे. बाळाच्या लसींचं कार्ड आपण कपाटात जपून ठेवतो. त्याच कार्डाच्या पिशवीत कुत्र्याच्या आणि शेळ्यांच्या औषधाच्या तारखांचा कागद असू द्या.

मेंढ्या-शेळ्या, कुत्री आणि माणसं जिथे एकत्र राहतात, तिथे हे औषध अगदी जिवाच्या मोलाचं ठरतं. गावजत्रेला, कंदुरीला बोकड कापले जातात. कलेजी किंवा फोपसा कापताना त्यात पाण्याने भरलेली गाठ दिसते, आणि कापणारा तेवढा भाग बाजूला काढून कुत्र्याला टाकतो. त्याच्या मनात वाईट काही नसतं, मुक्या जनावराचं पोट भरावं एवढंच असतं. पण ती गाठ एका चपट्या जंताची असते. कुत्र्याच्या आतड्यात त्या गाठीतून हजारो इवले जंत वाढतात. प्रत्येक जंत जेमतेम काही मिलिमीटरचा, त्यामुळे कुत्र्याच्या विष्ठेत तो कधी नजरेला पडत नाही आणि कुत्रं ठणठणीत दिसतं. त्याची अंडी गवतावर, पाण्यात, कुत्र्याच्या स्वतःच्या केसांवर राहतात. मेंढीने ती गवताबरोबर खाल्ली की मेंढीत गाठ होते. मुलाने कुत्र्याच्या पाठीवर हात फिरवून तसाच घास खाल्ला तर मुलाच्या यकृतात किंवा फुप्फुसात तशीच गाठ धरू शकते. ती वर्षानुवर्षं हळूहळू वाढते. पोराच्या वयात गेलेलं अंडं तिशीत पोटदुखी होऊन समोर येतं, सोनोग्राफीत नारळाएवढी गाठ दिसते, मग कित्येक महिन्यांची औषधं, कधी मोठी शस्त्रक्रिया. गाठ आत फुटली तर जिवावर बेतू शकतं.

एक गैरसमज इथेच दूर करते. अशी गाठ असलेलं मटण खाल्ल्याने माणसाला ही गाठ होत नाही. माणसाला ती होते कुत्र्याच्या विष्ठेतल्या अंड्यांमधून. त्यामुळे खाटीकदादांना दोष देऊन किंवा मटण बंद करून काही साधत नाही. कच्चं काळीज, फोपसा, आतडी कुत्र्याच्या तोंडी न जाणं हे साधायचं असतं. अर्धा तास चांगलं उकळून घातलं तर चालतं. नाहीतर कुत्र्याला उकरता येणार नाही इतका खोल खड्डा. जत्रेच्या ठिकाणी ग्रामपंचायतीने असा एक खड्डा आधीच खणून ठेवला तर सगळ्या गावाचं काम होतं.

आइसलँडची गोष्ट मला म्हणूनच फार मोलाची वाटते. एकोणिसाव्या शतकात त्या देशात हा आजार घरोघर होता, कारण तिथेही मेंढरं, कुत्री आणि माणसं एकाच छपराखाली राहत. १८६३ साली हाराल्ड क्राब्बे नावाचा डॅनिश शास्त्रज्ञ तिथे गेला, त्याने १०० कुत्री तपासली आणि २८ कुत्र्यांत त्याला हा जंत सापडला. पुढच्या वर्षी त्याने लोकांना समजेल अशा भाषेत एक छोटी पुस्तिका लिहिली आणि ती घरोघर फुकट वाटली गेली. तिथल्या लांबलचक हिवाळी रात्री घरात एकाने वाचायचं आणि बाकीच्यांनी लोकरीचं काम करत ऐकायचं, अशी रीत होती. मेंढीच्या गाठी पुरा किंवा जाळा, कुत्र्यांना औषध द्या, जेवणाच्या भांड्यात कुत्र्याला चाटू देऊ नका, हे लोकांनी ऐकलं आणि केलं. नंतर कायदेही झाले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो आजार त्या देशातून जवळजवळ नाहीसा झाला. या सगळ्याची सुरुवात घराघरांतल्या आईबाबांपर्यंत पोचलेल्या एका समजुतीने झाली. आपल्या वाड्यांवर, पालांवर तसं का होऊ नये?

गोठ्याकडे वळते. शेण म्हटलं की शहरातली माणसं नाक मुरडतात आणि गावातली माणसं त्यात काही वाईट असू शकतं हे मानतच नाहीत. जंतांपुरतं बोलायचं तर मोठ्या गायीच्या घट्ट शेणापेक्षा कुत्र्या-मांजराची विष्ठा आपल्याला जास्त बाधते. गोठ्यात जपायचं ते महिन्याच्या आतल्या, हगवण लागलेल्या वासराला हाताळताना. त्या पातळ शेणात क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा सूक्ष्म परजीवी असू शकतो. त्याचे अगदी थोडे कण पोटात गेले तरी जुलाब लागतात. पशुवैद्यकाचं शिक्षण घेणाऱ्या, म्हणजे सगळं ठाऊक असलेल्या मुलामुलींमध्येही वासरं हाताळल्यानंतर अशा जुलाबांच्या साथी अनेक देशांत नोंदल्या गेल्या आहेत. धडधाकट माणूस आठ-पंधरा दिवसांत सावरतो. अशक्त बाळाला मात्र हे जुलाब फार खाली आणतात. म्हणून आजारी वासराचं काम मोठ्या माणसाने करावं, मुलांना तेवढे दिवस बाजूला ठेवावं. पाणी उकळून घ्यावं, कारण क्लोरीनला हा परजीवी दाद देत नाही.

हात धुण्याबद्दल तुम्हाला शाळेपासून सांगितलं गेलंय, तरी एक गोष्ट नव्याने सांगते. करोनानंतर सॅनिटायझरची बाटली घराघरांत आली. जंतांची अंडी आणि हा क्रिप्टोस्पोरिडियम सॅनिटायझरने मरत नाहीत. ते हातावरून घासून, वाहत्या पाण्याने उतरवावे लागतात. साबण, पाणी आणि नखांच्या खालची जागा. गोठ्याच्या दाराशीच एक नळ किंवा बादली-तांब्या आणि दोरीला बांधलेला साबण असेल तर माणूस हात धुतो. साबण न्हाणीघरात असेल तर तसाच चुलीपाशी जातो. आणि बाबांनो, हे तुमच्यासाठी आहे. शेण काढणं, गोवऱ्या थापणं, धार काढणं आणि लगेच भाकरीला बसणं, हे सगळं घरातल्या बाईच्या एकाच जोडी हातांवर पडतं. तिला हात धुवायला उसंत मिळावी असं वाटत असेल तर त्यातलं एक काम तुम्ही उचला.

अनवाणी पायांचं थोडक्यात. पावसाळ्यात किंवा कोकणच्या, गोव्याच्या ओल्या वाळूत खेळून आल्यावर मुलाच्या तळपायावर लाल, नागमोडी, खूप खाजणारी रेघ उमटली आणि ती रोज थोडी पुढे सरकताना दिसली, तर ती कुत्र्या-मांजराच्या आकडेकृमीची अळी असते. ती कातडीच्या आत चालत असते. सुईने टोकरू नका, चुना लावू नका. औषधाने ती लवकर बरी होते.

घरात सून किंवा लेक गरोदर असेल आणि मांजरही असेल, तर मांजर पोत्यात घालून लांब सोडून येण्याची गरज नाही. मांजरातून येणारा टॉक्सोप्लाझ्मा गर्भाला इजा करू शकतो हे खरं. पण त्याचे कण विष्ठेत पडल्यावर बाधायला एक ते पाच दिवस लागतात. मांजराची घाण रोजच्या रोज दुसऱ्या कुणी उचलावी, गरोदर बाईने मातीकाम टाळावं किंवा हातमोजे घालावेत, मटण पूर्ण शिजवून खावं. मांजर घरातच राहू दे.

भीती किती बाळगायची याचाही विचार करायला हवा. २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात सर्रा या जनावरांच्या रोगाचा परजीवी सापडला. गुरांना, घोड्यांना, उंटांना होणारा हा रोग माणसाला होत नाही, असंच तोवर मानलं जाई. तपासाअंती कळलं की त्याच्या रक्तात त्या परजीवीला मारणारं, बाकी माणसांत असणारं एक प्रथिन जन्मापासूनच नव्हतं. उपचारांनी तो बरा झाला. गावातल्या लोकांची रक्तं तपासली तेव्हा इतर कुणात तो परजीवी आढळला नाही. आपलं शरीर जनावरांच्या बहुतेक परजीवींना दारातच अडवतं. जे थोडे अडत नाहीत, त्यांच्यासाठी हे सगळं सांगणं आहे.

आणि एक विनंती. डुकरं पाळणाऱ्या, मेंढरं राखणाऱ्या, खाटीककाम करणाऱ्या घरांतल्या मुलांना शाळेत घाणेरडी म्हणून चिडवलं जातं. तुमचं मूल तसं चिडवत असेल तर त्याला तिथेच थांबवा. पानकोबीतला किडा मेंदूत जातो, अशी एक समजूत आपल्याकडे पसरली आहे. झटके आणणारा तो जंत मुळात माणसाच्या विष्ठेतल्या अंड्यांमधून मेंदूपर्यंत पोचतो. ती अंडी उघड्यावर बसल्याने, न धुतलेल्या हातांनी, नीट न धुतलेल्या भाजीतून कुणाच्याही पोटात जातात, जन्मात डुकराचं मांस न खाल्लेल्यांच्याही. कुणा एका समाजाच्या माथी तो मारता येत नाही.

शेवटी गल्लीतली पिल्लं राहिली. ती कुणाचीच नसतात आणि मुलं शाळेतून आली की थेट त्यांच्याकडेच धावतात. गल्लीतली कुत्री व्याली की चार घरांनी मिळून थोडी वर्गणी काढा. पिल्लं दोन आठवड्यांची झाली की पहिला डोस, मग चार, सहा आणि आठ आठवड्यांना, त्यांच्या आईलाही त्याच वेळी. पुढे सहा महिन्यांची होईपर्यंत दर महिन्याला आणि मग दर तीन महिन्यांनी. औषध वजनावर ठरतं, म्हणून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाताना पिल्लं किती दिवसांची आहेत आणि अंदाजे किती वजनाची आहेत ते सांगा, मेंढ्या-शेळ्यांजवळ वावरणारं कुत्रं असेल तर तेही सांगा, कारण चपट्या जंताचं औषध वेगळं असतं. रेबीजच्या लसीचं त्याच फेरीत विचारून घ्या. तारखा वहीत लिहायचं काम त्या पिल्लांची नावं ज्यांनी ठेवलीत त्या मुलांनाच द्या.